एका लाडवाची म्हैस

माणूस तिळानं मरू शकतो, हे सासऱ्यांना पटवून द्यायला मला जवळजवळ मरून दाखवावं लागलं.

वाघानं मारलं, साप चावला, पटकी लागली, तर लोक हळहळतात तरी. तिळानं गेलो असतो तर मयताला आलेली माणसं तोंडाला टोपी लावून हसली असती. (मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. खोटं कशाला बोलू?)

हे दुखणं माझं जन्माचं. लहानपणी संक्रांतीला शेजारच्या काकूंनी लाडू दिला. तो पोटात जायच्या आत माझे ओठ वांग्याएवढे झाले, अंगभर गांधी उठल्या आणि घशातून शिट्टी वाजायला लागली. वैद्य म्हणाले, उष्णता. काकू म्हणाल्या, दृष्ट. (लाडू त्यांचा होता ना!) आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला, मारुतीला नारळ कबूल केला. पुढच्या संक्रांतीला पुन्हा लाडू, पुन्हा वांगी, पुन्हा शिट्टी. तेव्हा आईनं वैद्याला आणि मारुतीला दोघांनाही रजा दिली.

"तीळ खाल्ला की सुजतो, नाही खाल्ला की सुजत नाही," ती म्हणाली. "ह्यात देवाला काय विचारायचं?"

त्या दिवसापासून आमच्या घरातून तीळ हद्दपार झाला. पण गावातून कसा करणार? त्या काळी ह्या प्रकाराला नाव नव्हतं, आणि ज्या आजाराला नाव नाही त्याला आमच्याकडे सरसकट 'थेरं' म्हणायचे. शिवाय संक्रांतीला तिळगूळ नाकारणं म्हणजे समोरच्याशी उघड वैर! म्हणून आईनं मला एक युक्ती शिकवली. डाव्या खिशात शेंगदाण्याच्या वड्या भरायच्या. कुणी तिळगूळ दिला की उजव्या हातानं घ्यायचा, कपाळाला लावायचा, उजव्या खिशात सोडायचा, आणि त्याच दमात डाव्या खिशातली वडी तोंडात टाकून कुडुमकुडुम चावत म्हणायचं, "वा! काय खमंग झालाय!" घरी आलं की कोट बाहेर झाडायचा, हात घासून धुवायचे, मगच घरात शिरायचं.

ह्या कलेत मी इतका तयार झालो की सर्कशीत सहज पोट भरलं असतं. पण मी झालो साजगावच्या शाळेत मास्तर, आणि लढाईच्या धामधुमीत माझं लग्न झालं कळंबच्या यमुनेशी.

आता दैव बघा. सबंध कर्जत तालुक्यात उपवर मुली काय कमी होत्या? पण माझ्या नशिबी आले ते सासरे तिळासाठी प्रसिद्ध! भाताची खाचरं तर सगळ्यांचीच होती, पण मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जीव डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, आणि तिथं ते लावायचे तीळ. घरात तेल तिळाचं, चटणी तिळाची, भाकरीवर तीळ, आणि घाण्यातून उरलेली पेंड चंद्री नावाच्या म्हशीला. चंद्रीचं तूप पार नेरळपर्यंत नावाजलेलं. "पेंडीचा गुण हाय!" मामा छाती पुढे काढून सांगायचे.

हे कळल्यावर लग्नानंतर लगेच मी यमुनेला गंभीरपणे सांगितलं, "हे बघ, मला तीळ चालत नाही."

"मला कारलं चालत नाय," ती म्हणाली, आणि विषय संपला.

पहिल्या संक्रांतीला सासुरवाडीचं बोलावणं आलं. आईनं डाव्या खिशाची शिबंदी भरून दिली आणि बजावलं, "जेवणात विचारून खा. लाजू नकोस." आईचं काय जातंय सांगायला! पहिल्या सणाला आलेला जावई पानावर बसून 'ह्यात काय घातलंय, तेल कसलं आहे' असं विचारायला लागला तर त्याला जावई म्हणतील की जकातीवरचा शिपाई?

कळंबला पोचलो तो भोगीचा दिवस. ओट्यावर पाय ठेवतोय तर थोरली मेव्हणी जनाक्का सामोरी आली. बाई धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड, आणि माहेरी आली की घरादारावर तिचंच राज्य. तिच्या हातात वाटी होती.

"चला मास्तर, न्हाऊन घ्या. अंगाला तीळ वाटून ठेवलाय. भोगीचं न्हाण हाय!"

मी दोन पावलं मागं सरलो. "मी... मी सकाळीच आंघोळ करून निघालो."

"अवो, मग काय झालं? परत करा! घासून देते पाठ!"

मी जो गोठ्याच्या बाजूला पळालो, तो जेवायला हाका मारेपर्यंत चंद्रीच्या आडच उभा होतो. चंद्री पेंड खात होती. (म्हणजे ज्याला मी घाबरून पळालो तेच तिच्या तोंडात होतं. तिनं माझ्याकडे बघून एक उच्छ्वास सोडला आणि मी तिथूनही पळालो.)

पानावर बसलो. तांदळाच्या भाकरीवर तीळ थापलेले. भोगीच्या भाजीत तिळाचा कूट. चटणी तर विचारूच नका. मी म्हणालो, "पोट जरा बिघडलंय. नुसता दहीभात चालेल."

ओळीतले सगळे हात थांबले. मामांनी मामींकडे पाहिलं, मामींनी जनाक्काकडे.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पहिल्या सणाला जावयानं रुसायचं असतं. तो पानावरून हात मागे घेतो, सासरा धोतरजोडी कबूल करतो, मग तो घास घेतो. ज्याला काही नको असतं तोही रीत म्हणून रुसतो. आणि मी, ज्याला खरोखरच काही नको होतं, तो दहीभात मागून बसलो होतो!

"रुसलाय गं ह्यो," जनाक्का स्वयंपाकघरात 'हळूच' म्हणाली. हे हळूच वेशीपर्यंत ऐकू गेलं असावं. "आमचं हे बी असंच बसलं व्हतं. कोट शिवला तवा घास घेतला."

मामा खाकरले. "जावयबापू, धोतरजोडी आणून ठेवलीय बरं का."

"नको नको मामा, मला काही नको!"

रुसलेल्या जावयाच्या तोंडी 'काही नको' ह्याचा अर्थ एकच होतो: अजून चढवा. मामांनी एक श्वास घेतला. "छत्री देतो. मुंबैची!"

"अहो, खरंच नको!"

"घड्याळ?" मामांचा आवाज जरा बारीक झाला.

मी घाईघाईनं दहीभात संपवून उठलो आणि यमुनेला मागच्या पडवीत गाठलं. "अगं, तुझ्या घरच्यांना सांग ना! मला तीळ नको आहे!"

बिचारी आत गेली. मी भिंतीला कान लावला.

"आई, त्यांना तीळ नको हाय."

"ते दिसलं गं. मग पायजे काय?"

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळपासून गाव लोटलं. मामांच्या घरचा नवा जावई, तोही मास्तर, म्हणून बायाबापड्या पदराखाली डबे घेऊन अंगणात जमल्या. आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्या सकाळी मी माझ्या कलेचं शिखर गाठलं! उजवा हात पुढे, लाडू कपाळाला, लाडू खिशात, डाव्या हाताची वडी तोंडात, कुडुमकुडुम, "वा वा, खमंग!" एकीलाही पत्ता लागला नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, "किती आवडीनं खातोय पोर! घे रं, आणखी एक घे." मामांचा चेहरा फुलत चालला. त्यांचा तिळगूळ मात्र त्यांनी अजून दिला नव्हता. तो ते सगळ्यांच्या शेवटी, स्वतःच्या हातानं, गावासमोर देणार होते.

उन्हं वर आली. दोन्ही खिसे, एक भरत आणि एक रिकामा होत, माझ्या कोटाला एका बाजूला ओढत होते.

"मास्तर, कोट काढा की! घामाघूम झालाव," जनाक्का म्हणाली.

"नको, बरं वाटतंय."

"अवो, द्या!" मेव्हणीनं जावयाची टोपी पळवावी, जोडे लपवावेत, हीसुद्धा रीतच. तिनं मागून येऊन कोट असा ओढला की मी बाहीतून सोललेल्या केळ्यासारखा निघालो. आणि तिनं तो कोट झटकला.

उजव्या खिशातून लाडू पडायला लागले. पडतच राहिले. सारवलेल्या अंगणात लाडू गडगडत चौफेर गेले. एक चुलीपाशी गेला, एक तुळशीपाशी, एक मामांच्या पायाला लागून थांबला.

बायांनी हातातले डबे खाली ठेवले.

मग ती म्हातारी वाकली, एक लाडू उचलला, वास घेतला. "ह्यो माझा. जायफळ हाय ह्याच्यात."

"ह्यो माझा," दुसरी म्हणाली. "माझ्या धाकलीनं वळलाय, बोटं उमटल्यात बघा."

"ह्यो बी माझाच! दोन दिलं व्हतं मी ह्याला!"

एकेक बाई आपापला लाडू ओळखून उचलायला लागली. मी मधोमध उभा, अंगात बंडी, आणि तोंडात अजून शेंगदाण्याची वडी. गिळवत नव्हती, थुंकवत नव्हती.

"मग इतका येळ चावत काय व्हता?" जनाक्कानं विचारलं. हा प्रश्न अगदी रास्त होता.

"गावाशी गोड बोलायचं नाय, म्हणून खिशात टाकलं," कुणीतरी निवाडा दिला. "नुसतं सासऱ्यावर नाय, सबंद गावावर रुसलाय!"

मामा गोठ्याकडे वळले आणि परत आले ते चंद्रीचं दावं हातात धरून. अंगण दुभंगलं. चंद्री डुलत डुलत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मामांनी दावं माझ्या मनगटाला गुंडाळलं, आणि तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जावयबापू, ह्याच्या वर माझ्याकडं द्यायला काय नाय. ही घ्या. पर माझ्या हातचा तीळ नाकारू नका. लेक दिलीय मी तुमाला. सणाच्या दिवशी जावई तोंड फिरवून गेला, तर गाव तिला काय म्हनंल?"

दारात यमुना उभी होती. पदर तोंडाशी धरलेला. ह्या माणसाला वाटतंय मी त्याची मुलगी टाकून चाललोय! चुलीत जाऊ दे ती रीत, चुलीत जाऊ दे ती लाज. आता सगळ्यांसमोर स्वच्छ सांगायचं, असं मी ठरवलं. वडी कशीबशी गिळली, छाती भरून घेतली आणि तोंड चांगलं मोठं उघडलं.

"मामा, खरं सांगतो, मला ती..."

मामांनी त्या उघड्या तोंडात लाडू घातला.

आणि वर हात दाबून धरला. मायेनं! "घ्या, गोड बोला!"

अंगणात एकच जल्लोष झाला. "खाल्ला रं खाल्ला!" जनाक्कानं तर टाळ्या पिटल्या. मी मामांचा हात झटकून लाडू थुंकला, पण तिळाला एवढा मोकळा दरवाजा पुन्हा कुठे मिळणार? जे आत जायचं ते गेलं होतं. ओठ चुरचुरले. जीभ तोंडात मावेनाशी झाली. गळ्यात ती जुनी, ओळखीची शिट्टी वाजली.

"घड्याळ बी देऊन टाका बाबा!" जनाक्का ओरडली. "अजून रुसलंय! तोंड बगा केवडं केलंय!"

पण यमुना धावत आली. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगावरच्या गांधी बघितल्या, आणि ज्या घरात ती वडिलांसमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती त्या घरात तिनं हंबरडा फोडला.

"बाबा, गाडी जोडा! रुसलं नाय वो, मरतायत ते! तीळ बाधतो त्यांना! मला सांगितलं व्हतं, मीच ध्यान दिलं नाय!"

मामांनी बैल कसे जुंपले, मला गाडीत कुणी टाकलं, मला ठाऊक नाही. माझं डोकं यमुनेच्या मांडीवर, तोंडावर तिची आसवं टपटपतायत, आणि मामा उभ्यानं गाडी हाकत बैलांना, नशिबाला आणि तिळाला एकाच दमात शिव्या देतायत, एवढं आठवतं. वाटेत पोटातलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं, तेव्हा शिट्टी जरा खाली उतरली. श्वास अडकत होता, पण येत होता.

"गाडी अशी जड का चाललीय?" मामांनी मध्येच मागं वळून बघितलं.

चंद्री! दावं अजून माझ्या मनगटालाच होतं, आणि ती गाडीमागून धापा टाकत पळत होती. यमुनेनं दावं सोडवलं. पण मामांचा आवाज जाईल तिकडं जायची सवय असलेली ती म्हैस, दावं सुटलं तरी पाठ सोडीना.

नेरळला डॉक्टर ओट्यावर आले. समोर धापा टाकणारे बैल, रडणारी बाई, घामानं थबथबलेला म्हातारा, भोपळ्यासारख्या तोंडाचा मी, आणि माझ्या मागं तोंडातून फेस गाळणारी म्हैस.

"रोगी कोण?" त्यांनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही.

त्यांनी सुई टोचली, नाडी धरून बसले. दिवे लागायच्या सुमाराला माझे डोळे किलकिले झाले आणि शब्द फुटला. मग त्यांनी मामांना जवळ बोलावलं.

"ह्यांना तीळ बाधतो. असतं काहींना असं."

"तीळ?" मामा म्हणाले. "डॉक्टर, माझ्या सोताच्या वरकसाचा हाय. निवडून, पाखडून घेतलेला."

"तरीही."

"भेसळ नाय वो त्यात काय!"

"अहो, भेसळ असती तर बरं झालं असतं, तीळ तरी कमी गेला असता! ह्याला औषध एकच. तीळ पोटात जाऊ द्यायचा नाही. कूट नाही, तेल नाही, तिळाचा चमचासुद्धा दुसऱ्या भाजीत नाही. पुढच्या वेळी इथवर पोचाल असं धरून चालू नका."

मामा पायरीवर मटकन बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "पोरीचं कुंकू मी माझ्या हातानं पुसत व्हतो," ते म्हणाले, आणि तो रांगडा माणूस हुंदके देऊन रडला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. यमुना माझ्याकडे बघेना. खाली बघतच म्हणाली, "मला वाटलं, कारल्यासारखंच असंल." मी हसलो. सुजलेल्या तोंडानं हसणं काही देखणं नसावं, कारण ती आणखीच रडायला लागली.

पुढचं काय सांगू? पुढच्या संक्रांतीला आम्ही कळंबला गेलो तर वेशीतच मामा काठी घेऊन उभे! "माझ्या जावयाला तीळ बाधतो! ज्यानं त्यानं हात धुवून जवळ यायचं!" मामींनी माझ्यासाठी तवा निराळा, पाटा निराळा, तेल खोबऱ्याचं. लाडू दाण्याचे. आणि ज्या वरकसावर मामांचा जीव होता, तिथं त्यांनी सबंध नाचणी लावली होती. मी म्हणालो, "मामा, अहो, तेवढं नको होतं करायला." ते म्हणाले, "तीळ काय, इकत बी मिळंल. जावई कुटं मिळतो?" माझा गळा दाटून आला. (ह्या खेपेला तिळाशिवाय.)

गावात मात्र माझं नाव चांगलंच खराब झालं होतं. एका लाडवापायी मास्तरानं म्हैस उपटली, ही बातमी खालापुरापर्यंत गेली होती, आणि त्या वर्षी कळंबातल्या झाडून साऱ्या नव्या जावयांना तीळ बाधायला लागला! एकजण तर लाडू नुसता बघून गाल धरून बसला म्हणे. गावातले सगळे सासरे मला बघून तोंड फिरवत होते.

आणि ती म्हैस? मी हातापाया पडलो, पण दिलेलं दान मामा परत घेईनात. ते स्वतः चालवत तिला साजगावला सोडून गेले. तिनं आमच्या दारी पाय ठेवला आणि वैरण हुंगून तोंड फिरवलं. कडबा नको, कोंडा नको, सरकी नको. जन्मभर तिळाच्या पेंडीवर वाढलेली ती बया! धार देईना, बसेना, नुसती रेकत राहिली. शेवटी यमुनेनं खोपोलीहून तिळाची पेंड आणवली. चंद्री जेवली, चरवी भरून दूध दिलं, आणि ज्या घरातून माझ्या आईनं तीळ हद्दपार केला होता त्या घरात तो पोत्यानं परत आला.

मला गोठ्याकडे फिरकायची बंदी झाली. मग परसात जायची. मग वाऱ्यानं पेंडीची भुकटी उडायला लागली तशी माझी खाट पडवीतून ओट्यावर, ओट्यावरून अंगणापलीकडे, आणि शेवटी शाळेच्या व्हरांड्यात गेली.

एके दिवशी मी तावातावानं यमुनेला विचारलं, "ह्या घरात एक तर ती राहील, नाही तर मी! बोल, कोण पाहिजे तुला?"

यमुनेनं हातातल्या चरवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडभर हसून म्हणाली, "अवो, ती पेंड खाते तर दूध तरी देते. तुमी रुसून काय देता?"

खाट अजून शाळेतच आहे.